नवा प्रशिक्षक आणि आपला धीर
महाविद्यालयीन असो वा राष्ट्रीय, फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक लाभला की पहिल्या पराभवानंतरच कुरकुर सुरू होते. अशा वेळी आम्हाला हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आठवतात. आपला परभणी जिल्हाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. पेशाने शिक्षक असलेले रहीम १९५० मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळाले.

१९६२ साली जकार्तात भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून हरला. पुढे डोक्याला टाके पडलेले बचावपटू जर्नेलसिंग यांना रहीम यांनी आघाडीवर खेळविले. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला भारताने २-१ असे नमविले. गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रँको त्या संघात होते. पुढच्याच वर्षी रहीम कर्करोगाने निवर्तले.

प्रिय पालकहो, आपल्या मुलांच्या प्रशिक्षकास एका पराभवाने तोलू नये. पेरणी केल्यावर हंगामभर धीर धरावा लागतो.