अ‍ॅना मणी : खात्रीच्या मोजमापाची कारकीर्द

अ‍ॅना मणी (१९१८–२००१) यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या कारकिर्दीचे बहुधा दोन तुकडे पाडले जातात. पहिला बंगळुरूचा: सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन करणारी, पण पीएच.डी. नाकारली गेलेली तरुण भौतिकशास्त्रज्ञ. दुसरा पुण्याचा: हवामान खात्यात उपकरणे घडवणारी अधिकारी. या मांडणीत पहिला भाग विज्ञान ठरतो आणि दुसरा, ते विज्ञान हातून गेल्यावर पत्करलेली नोकरी. ही विभागणी मला मुळातूनच चुकीची वाटते. हिऱ्यातून निघणारा मंद प्रकाश असो की शिवाजीनगरच्या वेधशाळेवर पडणारे ऊन, मणींपुढचा प्रश्न एकच राहिला: येणाऱ्या प्रकाशाची अशी नोंद कशी घ्यायची, की तिच्यावर दुसऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा? या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी पुण्यात सोडला नाही. तिथे तो अधिक अवघड झाला आणि त्याचा पसारा देशभर गेला.

आधी बंगळुरूचा पुरावा पाहू. त्रावणकोरमधील पीरमेड इथे जन्मलेल्या मणी १९३९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि १९४० साली शिष्यवृत्तीवर भारतीय विज्ञान संस्थेत आल्या. रामन यांच्या संग्रहात तेव्हा सुमारे ३०० हिरे होते. विशिष्ट प्रकाश टाकला की काही हिरे निळे चमकतात, काही हिरवट. ही प्रतिदीप्ती वर्णपटात उलगडून तिच्या रेषा टिपायच्या, हे काम मणींकडे होते. प्रकाश इतका क्षीण, की फोटोच्या काचेवर रेषा उमटायला पंधरा-वीस तास लागत, आणि रेषा धारदार याव्यात म्हणून तेवढा वेळ हिरा द्रवरूप हवेच्या तापमानाला राखावा लागे. ती काच हाच त्या काळातला प्रकाशाचा सेन्सर. तिची संवेदनशीलता, तिची मर्यादा, तिच्यावरचा खोटा डाग कोणता आणि खरी रेषा कोणती, हे सारे संशोधकाला स्वतः ओळखावे लागे. १९४२ ते १९४५ या काळात मणींनी या विषयावर एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. ही चमक हिऱ्याच्या मूळ रचनेचाच गुण आहे, अशी रामन यांची धारणा होती. पुढे ती टिकली नाही. निळ्या चमकेच्या हिऱ्यांत ४१५ नॅनोमीटरजवळ दिसणारी रेषा हिऱ्यात मिसळलेल्या नायट्रोजनमुळे येते, हे नंतर सिद्ध झाले. पण रेषा जिथे मोजली गेली तिथेच आहे. स्पष्टीकरण बदलले तरी नोंद टिकली, आणि मणींच्या पुढच्या सगळ्या कामाची जात या एका गोष्टीतून कळते.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. ऑनर्स पदवी, संशोधन शिष्यवृत्ती आणि छापून आलेले पाच निबंध या तांत्रिक अटीपुढे मोजलेच गेले नाहीत. पुढे त्यांनी जे केले ते मोठे होते म्हणून हा अन्याय लहान होत नाही. स्फटिकांच्या भौतिकशास्त्रात त्या कदाचित बरेच पुढे गेल्या असत्या. ती वाट तिथेच थांबली. इथे एक आक्षेप येतो आणि तो खुद्द मणींच्याच म्हणण्याचा आधार घेतो: स्त्री असल्यामुळे आपले काही बिघडले, असे त्या मानत नसत. त्यांच्या या म्हणण्याचा मान राखायलाच हवा, कारण स्वतःला काय वाटले याच्या त्याच साक्षीदार. पण व्यवस्थेचा न्याय एकीच्या भावनेवरून होत नाही. रामन यांना विद्यार्थी आणि विद्यार्थिनींचे एकत्र मिसळणे पसंत नव्हते, आणि तिथल्या स्त्री-संशोधकांना बहुतेक काम पुरुष सहकाऱ्यांपासून वेगळे राहून करावे लागे, हे आभा सूर यांनी त्या प्रयोगशाळेच्या अभ्यासात दाखवले आहे. बरोबरीच्या संशोधकाशी वाद घालणे ही विज्ञानात चैन नसते, ते कामाचे साधन असते. ते साधन हातात नसताना पाच निबंध लिहिले गेले, हे मणींचे कर्तृत्व. व्यवस्था निर्दोष होती, असे त्यावरून ठरत नाही.

१९४५ सालीच त्या सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या. भौतिकशास्त्र पुढे न्यायचे होते. जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची. १९४८ मध्ये परतून त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. साधी हवामान-उपकरणेदेखील तेव्हा बव्हंशी परदेशातून येत. एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या देखरेखीखाली ती इथे बनवण्याचा उद्योग सुरू झाला होता. मणींनी जवळपास १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. १९५३ पर्यंत त्या विभागप्रमुख झाल्या होत्या, हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते.

हे तर परदेशी यंत्रांची नक्कल करणे झाले, फार तर अभियांत्रिकी; यात भौतिकशास्त्र कुठे, असे कोणी विचारील. उत्तरासाठी उन्हाच्या मापनाकडे पाहावे लागते. सौर प्रारण मोजणाऱ्या पायरॅनोमीटरमध्ये काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग असतो. तो उन्हाने तापतो आणि त्याला जोडलेल्या थर्मोपाइलमध्ये अगदी थोडा, काही मिलिव्होल्टांचा विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब म्हणजे ऊन नव्हे. किती दाबाला किती ऊन, हे गुणोत्तर प्रत्येक यंत्राचे वेगळे असते आणि काळानुसार सरकत जाते. काळा रंग फिकटतो, घुमटावर धूळ बसते, पावसाळ्यात आत दमट हवा शिरते, सूर्य कलला की प्रतिसाद बदलतो. म्हणून प्रत्येक सेन्सर पुन्हा पुन्हा प्रमाण-यंत्राशी ताडून घ्यावा लागतो. बरे, प्रमाण तरी एक होते का? पन्नाशीच्या दशकापर्यंत जगात दोन मापनश्रेणी चालत, अँगस्ट्रॉमची आणि स्मिथसोनियनची. त्यांच्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास तफावत होती. १९५६ साली पहिली दीड टक्क्याने वर आणि दुसरी दोन टक्क्यांनी खाली आणून एक आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरली. जुलै १९५७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात मणींनी भारतभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले, ते या पार्श्वभूमीवर. सूर्याची ऊर्जा कोणत्या मापाने मोजायची हेच जगात नुकते कुठे ठरत होते, तेव्हा सुटा भाग कोणाच्या नमुन्यावरून बनवला याला फारसा अर्थ उरत नाही. चुकीचे माप हे माप नसण्यापेक्षा वाईट, हा त्यांचा आग्रह अशा कामातून आलेला आहे.

ओझोनचे काम याच धाग्यातले. जमिनीवरून अतिनील किरणांच्या दोन तरंगलांबींची तुलना करून डोक्यावरचा एकूण ओझोन काढता येतो. तो कोणत्या उंचीवर किती, हे अचूक कळायला फुग्यातून यंत्र वर पाठवावे लागते. साठच्या दशकात मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ओझोनसाँड देशातच तयार केले. त्यात मोजणी प्रकाशाने होत नाही, पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून ओझोनमुळे वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाने होते. पण यंत्र ताडून पाहण्याची शिस्त तीच. अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राची बातमी जगाला १९८५ साली कळली. मणींचे यंत्र त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी आकाशात गेले होते. थुंबा इथल्या अग्निबाण तळावरची हवामान वेधशाळाही विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून त्यांनीच उभारली.

१९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतर १९८० साली भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीची पुस्तिका आली, १९८१ साली त्याच विषयावरचा सविस्तर ग्रंथ, १९८३ साली पवन ऊर्जेची आकडेवारी. सूर्यचूल असो की वीजप्रकल्प, आखणी करणाऱ्याला आपल्या गावात कोणत्या महिन्यात दर चौरस मीटरवर किती ऊर्जा पडते हे आधी ठाऊक असावे लागते, तेही एका वर्षाचे नाही, अनेक वर्षांच्या सरासरीने. ही गरज तेलाच्या टंचाईमुळे सत्तरीत सर्वांच्या लक्षात आली. तोवर देशाच्या हाताशी १९५७ पासूनची प्रारणाची मोजमापे होती, आणि ती एकाच श्रेणीत ताडलेली असल्यामुळे पुणे, दिल्ली, चेन्नईचे आकडे शेजारी ठेवून वाचता येत होते.