दातांवरचे डाग आणि पाण्याची बाटली

"डॉक्टरसाहेब, हा दातच घासत नाही," अशी तक्रार घेऊन आठ-नऊ वर्षांच्या मुलाची आई दवाखान्यात येते. तोंड उघडून पाहावे तर पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि मध्येच तपकिरी डाग. मंजन बदलून हे डाग जात नाहीत. दात हिरडीच्या आत घडत असतानाच पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराईडने ते बिघडवलेले असतात. मुलाला बिचाऱ्याला उगीच बोलणी बसतात.

अशा वेळी मी पाण्याची चौकशी करतो. उत्तर बहुधा बोअरचे येते. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत भूगर्भातील खडकांमधूनच फ्लोराईड पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले की पाठ, मान, गुडघे आखडतात. माणसाला उकिडवे बसता येत नाही, मान वळवता येत नाही. हाडांत साठलेले हे फ्लोराईड काढणारे औषध आमच्याकडे नाही. वेदनेची गोळी देता येते, एवढेच. दूध, नाचणी, आवळा आहारात असावा; काळे मीठ आणि वारंवारचा चहा कमी करावा. पण खरा उपाय पाण्यातच आहे. आणि वाचकहो, पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

या दुखण्यावर आपल्या नागपुरातच काम झाले आहे. १९५८ मध्ये येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून आपण तिला 'नीरी' म्हणून ओळखतो. कारखान्यांचे सांडपाणी, शहरांची हवा यांवर सल्ला देणारी संस्था एवढीच तिची ओळख अनेकांना असते. पण फ्लोराईड काढण्याची साधी रीत तिच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात बसवली. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिला 'नलगोंडा पद्धत' म्हणतात.

साहित्य ओळखीचेच : तुरटी, चुना आणि जंतुनाशासाठी ब्लीचिंग पावडर. ते पाण्यात घालून सुमारे दहा मिनिटे हळूहळू ढवळायचे आणि तासभर स्थिर ठेवायचे. तुरटीचा कापसासारखा साका धरतो, फ्लोराईड त्याला चिकटून तळाशी बसते. वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे. तळचा गाळ मात्र विहिरीजवळ टाकू नये.

मात्र हे वाचून कोणी अंदाजाने तुरटी टाकू नये. किती घालायची हे पाण्यातील फ्लोराईड आणि क्षारता मोजूनच ठरते. मात्रा चुकली तर फ्लोराईड राहते किंवा अॅल्युमिनियम पाण्यात उरते. शिवाय रोजची ही ढवळाढवळ शेवटी घरच्या बाईवर पडते आणि चार महिन्यांत बंद होते. म्हणून माझे मत असे की गावात दुसरी सुरक्षित विहीर असल्यास पिण्यासाठी आधी तीच धरावी. उथळ विहिरीत बोअरपेक्षा फ्लोराईड बरेचदा कमी असते. अर्थात तपासूनच.

विज्ञान लोकांच्या उपयोगी पडावे ही दृष्टी या शहराला जुनीच आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. उद्योगांना रसायनाचे जाणकार मिळावेत, हा हेतू. कारखानदाराला अशा संस्थेचे दार कसे ठोठवायचे ते ठाऊक असते. गावकऱ्याला तेच अवघड वाटते.

त्याने पहिली पायरी जिल्ह्यातच चढावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. नमुन्यासाठी काचेची नको, प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली घ्यावी. हातपंप आधी काही मिनिटे चालवावा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी, मग भरावी. वर गाव, पाण्याची जागा आणि तारीख लिहावी. अहवालात फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त निघाले तर अहवाल ग्रामपंचायतीत द्यावा, पोच घ्यावी आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी.