आधी बिघाड ओळखा, मग पाना उचला
ट्रकचे पॉवर स्टेअरिंग आणि हायड्रॉलिक ब्रेक : गॅरेजवाल्या बांधवांसाठी

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून निघालेली गाडी असो, की पुणे-नाशिककडून तुर्भे-वाशीच्या मार्केटला भाजीपाला घेऊन येणारी असो, तिच्या वाटेत घाट आहेच. पुण्याकडे बोरघाट, नाशिककडे कसारा घाट. १९८९ साली न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हापासून पनवेल-कळंबोली-तळोजा पट्ट्यात ट्रकांची वर्दळ फार वाढली. या गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांत आपल्या समाजाचे उस्ताद आणि कारागीर मोठ्या संख्येने आहेत. म्हणूनच हा विषय येथे घेत आहोत.

एक तक्रार प्रत्येक गॅरेजात येते. ड्रायव्हर सांगतो, "उस्ताद, घाटात ब्रेक पायाखाली बसला. थोडा वेळ गाडी उभी केली, तर पुन्हा ठीक झाला." गॅरेजात पेडल दाबून पाहावे, तर ब्रेक उत्तम. मग अंदाजाने मास्टर सिलेंडर बदलला जातो. मालकाचे पैसे जातात, गाडी परत घाटात जाते आणि ब्रेक पुन्हा बसतो. दोष मास्टर सिलेंडरचा नव्हताच. दोष होता जुन्या, पाणी शोषलेल्या ब्रेक ऑइलचा. कारण न शोधता भाग बदलणे ही आपल्या धंद्यातील सर्वांत महाग सवय आहे.

दोन्हींचा जीव इंजिनात

मोठ्या अवजड ट्रकांना हवेचे ब्रेक असतात. त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. येथे आपण टाटा ४०७ सारख्या हलक्या आणि काही मध्यम गाड्यांविषयी बोलत आहोत, ज्यांना ऑइलचे ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर असतो. स्टेअरिंगचा पंप इंजिनवर चालतो आणि बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंपही इंजिनवरच चालतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केले, की स्टेअरिंग दगडासारखे जड होते. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा ब्रेक दाबताच संपतो. म्हणून स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम जड झाल्याची तक्रार आली, तर पहिला प्रश्न विचारावा : त्या वेळी इंजिन चालू होते का? उत्तर "नाही" असेल, तर दुरुस्ती गाडीची नव्हे, सवयीची करायची आहे.

स्टेअरिंग जड : क्रमाने तपासा

पंप खोलण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात. पुढच्या टायरांत हवा पुरेशी आहे का? टाकीत ऑइल किती आहे? पंप पट्ट्यावर चालत असेल, तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे का? यातच निम्म्या तक्रारी संपतात.

तरीही जड असेल, तर पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून खाली घोडी लावावी आणि ड्रॅग लिंक सोडवावी. आता इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग फिरवा. हलके झाले, तर दोष खाली आहे : किंग पिन सुकली आहे किंवा जॉइंट जाम आहेत. ग्रीस न मिळालेली किंग पिन पंपाची बदनामी करते, हे नेहमी लक्षात ठेवावे. लिंक सोडूनही जडपणा कायम असेल, तर पंप, स्टेअरिंग बॉक्स किंवा वरचा कॉलम पाहावा.

पंप की बॉक्स, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. पंप डावीकडे आणि उजवीकडे सारखेच प्रेशर देतो. म्हणून स्टेअरिंग एकाच बाजूला जड असेल, तर संशय बॉक्सच्या आतील सील किंवा व्हॉल्व्हवर घ्यावा. दोन्ही बाजूंना जड असेल, पण इंजिनची रेस वाढवताच हलके होत असेल, तर पंप कमजोर आहे किंवा पट्टा घसरतो. खात्री प्रेशर गेजने करावी. गेजचा कॉक काही सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवू नये. पंप तेथेच जळतो. ड्रायव्हरलाही सांगावे की स्टेअरिंग पूर्ण वळवून तसेच ताणून धरू नये.

पंप घूं-घूं आवाज करत असेल आणि टाकीत फेस दिसत असेल, तर आत हवा जाते आहे. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपची क्लिप आणि जुना रबर पाइप आधी पाहावा. दुरुस्ती झाल्यावर चाके उचललेलीच ठेवून, इंजिन मंद चालवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, ऑइलची पातळी राखावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे.

एक सावधगिरी : प्रेशर पाइपमध्ये दाब शंभर बारच्याही वर जातो. गळती बोटाने चाचपू नये. सुईसारखी बारीक धारही कातडीत घुसते आणि हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठा धरून पाहावे. तशी इजा झालीच, तर वेळ न घालवता इस्पितळ गाठावे.

ब्रेकचे पेडल काय सांगते?

पेडल ही ब्रेकची नाडी आहे. ती नीट पाहिली, तर खोलाखोल वाचते.

पेडल स्पंजासारखे मऊ असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर पाइपात हवा आहे किंवा लायनर आणि ड्रममधील अंतर वाढले आहे.

पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गळती शोधा. चाकांच्या आतली बाजू, पाइप, जॉइंट सर्व पाहा. कोठेच ओल नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतील रबर कप ऑइल मागे सोडतो आहे.

पेडल कडक, पण गाडी थांबत नाही, असे असेल तर बूस्टर तपासा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडे आत गेले, तर बूस्टर काम करतो आहे. हलले नाही, तर व्हॅक्यूम पंप, त्याचा पाइप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि शेवटी बूस्टर, या क्रमाने पाहावे.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ज्या बाजूला ओढते तेथे नव्हे, बहुधा दुसऱ्या बाजूला ब्रेक कमी लागतो आहे. त्या चाकाचा सिलेंडर जाम असतो, होज आतून बंद असतो किंवा लायनरवर ऑइल-ग्रीस आलेले असते.

चाक धरत असेल आणि ड्रम तापत असेल, तर चाक उचलून त्याचा निप्पल थोडा सोडा. चाक मोकळे झाले, तर ऑइलचा दाब आत अडकला आहे. झाले नाही, तर दोष स्प्रिंगचा किंवा सेटिंगचा आहे. दाब अडकला असेल, तर पुढच्या वेळी निप्पलऐवजी मास्टर सिलेंडरवरचा पाइप सैल करून पाहा. तेथे सोडल्यावर सर्व चाके मोकळी होतात, तर मास्टर सिलेंडर किंवा पेडलचा फ्री प्ले पाहावा. तेथे सोडूनही चाक धरूनच राहते, तर बहुधा त्या चाकाचा होज फुगून बंद झाला आहे.

आता घाटातील तक्रारीकडे वळू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथून भरलेली गाडी ब्रेकवरच उतरवली, तर ती सारी ताकद ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. अशा वेळी पेडल कडक राहून ब्रेक लागत नसेल, तर लायनर तापून निकामी झाला आहे. पेडल खाली बसत असेल, तर ऑइल उकळून त्याची वाफ झाली आहे. वाफ दबते, ऑइल दबत नाही. म्हणून पाय थेट फळीला लागतो. गाडी थंड झाली, की वाफेचे पुन्हा ऑइल होते आणि गॅरेजात सर्व ठीक दिसते.

ऑइलची चूक सर्वांत महाग

डॉट ३ ब्रेक ऑइल नवे असताना कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. हे ऑइल हवेतील ओल ओढून घेते. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात अर्धा उघडा डबा फळीवर पडून राहिला, तर तो पुढच्या वेळी वापरण्याजोगा राहत नाही. छोटा सीलबंद डबा घ्यावा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत सर्व ऑइल बदलावे. हीच खारी हवा लोखंडी ब्रेक पाइपही खाते. चिखल पुसून पाइप पाहावा. गंज खोल गेला असेल, तर तो बदलावा.

पॉवर स्टेअरिंगमध्ये बहुधा एटीएफ किंवा कंपनीने सांगितलेले दुसरे खनिज ऑइल असते. ते चुकून ब्रेकच्या टाकीत गेले, तर रबराचे कप फुगतात आणि सारे ब्रेक धरतात. मग नुसते ऑइल बदलून भागत नाही. रबराचे सर्व भाग बदलावे लागतात. याच कारणाने ब्रेकचे भाग डिझेल-पेट्रोलने धुऊ नयेत. स्वच्छ ब्रेक ऑइलनेच धुवावेत.

हवा काढताना सर्वसाधारणपणे मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. पुस्तकात वेगळा क्रम असेल, तर तो पाळावा. बाटलीत काढलेले ऑइल परत टाकीत ओतू नये. ड्रममधील धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या व स्वस्त लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांत कायमचे बसते. ओल्या कापडाने पुसावे. शागीर्द मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

हुनर आणि अमानत

काम झाल्यावर गाडी आधी आवारात, मग रिकाम्या सपाट रस्त्यावर, मग छोट्या उतारावर चालवून पाहावी. काढलेला भाग मालकाला दाखवावा आणि बिलावर ऑइल बदलल्याची तारीख लिहावी. वापरलेला कप धुऊन "नवा" म्हणून बसवणे ही केवळ बेइमानी नाही. घाटात त्या कपावर ड्रायव्हर, क्लीनर आणि समोरून येणाऱ्या एसटीतील माणसांचा जीव टांगलेला असतो.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. आपल्या धंद्यात ओले धान्य ड्रमच्या आत असते. ते मालकाला दिसत नाही, ड्रायव्हरला दिसत नाही. फक्त कारागिराला दिसते. म्हणून गॅरेजात आलेली गाडी ही अमानत आहे.

जो उस्ताद कारण सांगून दुरुस्ती करतो, त्याच्याकडे गाडी परत येते ती तक्रार घेऊन नव्हे, पुढचे काम घेऊन. हलाल रोजीत बरकत येते ती अशीच.