चेर्नोबिलचे दूध

तत्कालीन सोव्हिएत संघराज्यातील युक्रेनमध्ये चेर्नोबिल येथील अणुवीजकेंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत २६ एप्रिल १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोट झाला. किरणोत्सर्गाच्या तीव्र बाधेने १३४ कर्मचारी व अग्निशामक आजारी पडले आणि त्यांपैकी २८ जण त्याच वर्षी दगावले. तथापि या दुर्घटनेचा आरोग्यविषयक हिशेब तेथे संपला नाही. तो कित्येक वर्षांनी, त्या वेळच्या मुलांकडून वसूल झाला.

भट्टीतून बाहेर पडलेल्या द्रव्यांत किरणोत्सारी आयोडीन होते. त्याचे अर्धायुष्य अवघे ८ दिवसांचे. दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ नाहीसे होते. परंतु तेवढ्या अवधीत ते कुरणांवर पडले, गवतातून गाईंच्या दुधात उतरले आणि दुधावाटे मुलांच्या पोटात गेले. शरीरातील आयोडीन थायरॉइड ग्रंथीत साठते. मुलांची ग्रंथी लहान, म्हणून तिला बसणारी मात्रा मोठी. चार-पाच वर्षांनी युक्रेन, बेलारूस व रशियाच्या बाधित भागांत मुलांमधील थायरॉइडचा कर्करोग वाढू लागला. अपघातसमयी बाल वा किशोर वयात असलेल्यांपैकी ६,००० हून अधिक जणांना २००५ पर्यंत हा रोग जडल्याची नोंद आहे. उपचारांमुळे बहुतेक जण वाचले हे खरे. पण ग्रंथी काढून टाकलेल्या माणसाला जन्मभर औषध घ्यावे लागते.

हे टाळता आले असते काय? बऱ्याच अंशी, होय. काही आठवडे ते दूध वर्ज्य करणे आणि साधे आयोडीन वेळेवर देणे, एवढेच उपाय होते. शेजारच्या पोलंडने २९ एप्रिलपासून सुमारे १ कोटी मुलांना आयोडीन पाजले. मॉस्कोने मात्र स्वीडनमधील उपकरणांनी किरणोत्सर्ग टिपल्यानंतर, २८ एप्रिलच्या सायंकाळी प्रथम तोंड उघडले. खेड्यापाड्यांतील अनेक मुले तेच दूध पीत राहिली.

या मौनाचा दुसरा परिणाम मनांवर झाला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून २००५ मध्ये काढलेल्या अहवालाने मानसिक आरोग्यावरील परिणाम हाच या अपघाताचा सर्वांत मोठा सार्वजनिक आरोग्यप्रश्न ठरविला. आपल्याला किती बाधा झाली हेच ज्याला सांगितले जात नाही, त्याला पुढे प्रत्येक दुखण्यात किरणोत्सर्ग दिसतो.

महाराष्ट्रात तारापूर येथे १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे. तेथील भट्ट्यांची रचना चेर्नोबिलहून वेगळी आहे, हे आश्वासन रास्तच. परंतु चेर्नोबिलचा धडा केवळ रचनेचा नाही. संकटसमयी आजचे दूध मुलाला द्यावे की नाही, हे आईला त्याच दिवशी कळले पाहिजे. ते सांगण्याची तयारी शासनाने आधीच ठेवावयास हवी.