द्वारकेचे धुके कॅमेऱ्यात उतरवताना

द्वारका म्हटले की मराठी वाचकांना सौराष्ट्रातील तीर्थक्षेत्र आठवते. परंतु दिल्लीच्या नैर्ऋत्येस, इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या शेजारी, दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेले त्याच नावाचे एक विस्तीर्ण उपनगर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत येथील अनेक सकाळी धुक्यातच उजाडतात. उपनगराच्या कडेने, काकरोला गावाजवळून, नजफगढ नाला वाहतो. तर दिल्ली आणि गुरुग्राम यांच्या सीमेवर नजफगढची झील पसरलेली आहे. हिवाळ्यात तेथे रोहित आणि इतर पाणपक्षी येतात व त्यांच्या मागोमाग कॅमेरे घेतलेले हौशी छायाचित्रकारही येतात. डोळ्यांना मोहक वाटलेले दृश्य घरी संगणकाच्या पडद्यावर मात्र बहुधा मळकट व सपाट निघते. त्याची कारणे काही कॅमेऱ्यात आहेत, तर काही हवेत.

दिल्लीतील दाट धुके हे प्रामुख्याने जमिनीचे धुके असते. निरभ्र व वाराहीन रात्री जमीन आपली उष्णता वेगाने गमावते, तिच्यालगतची दमट हवा थंड होते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. पाण्यावरचे धुके थोडे निराळे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश निवते. त्यामुळे पहाटेची थंड हवा कोमट पाण्यावरून सरकू लागली की पृष्ठभागावरून वाफेच्या बटा उठताना दिसतात. हा थर पातळ व हलता असतो आणि ऊन तापू लागताच विरतो. जानेवारीच्या आरंभी दिल्लीत सूर्योदय सुमारे सव्वासातला होतो. त्याच्या मागेपुढे थोडाच वेळ हाती असतो आणि तो कॅमेऱ्याची बटणे शोधण्यात घालविणे परवडत नाही.

पहिली अडचण उजेड मोजण्याची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. पांढरे धुके त्याला गरजेपेक्षा अधिक उजळ वाटते आणि तो चित्र काळवंडून टाकतो. नव्या कॅमेऱ्यांतील मापनपद्धती अधिक चतुर असल्या तरी चौकटभर धुके असेल तेव्हा त्याही फसतात. यावर उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा: भरपाई अधिक बाजूस सुमारे एक स्टॉप ठेवावी आणि हिस्टोग्राम पाहावा. आलेख उजवीकडे झुकलेला असावा, पण काठाला आपटलेला नसावा. स्वयंचलित फोकसही धुक्यात चाचपडतो, कारण त्याला धरण्यासाठी ठळक कड लागते. ती लव्हाळ्याच्या दांड्यावर किंवा नावेच्या काठावर मिळते. तेथे फोकस साधून तो तसाच कायम ठेवावा. फ्लॅश बंदच ठेवणे इष्ट, कारण जवळचे थेंब त्याचा प्रकाश परतवतात आणि चित्रावर पांढरे ठिपके उमटतात.

दुसरी अडचण अंतराची. दृश्यमानता २०० मीटर आहे असे हवामान खाते सांगते, तेव्हा २०० मीटरवरची गडद वस्तू जेमतेम ओळखू येते असा त्याचा अर्थ. मात्र मधल्या अंतरात ठळकपणा समप्रमाणात घटत नाही. गणिताने पाहिले तर २० मीटरवर तो सुमारे तीनचतुर्थांश शिल्लक असतो, तर १०० मीटरवर चतुर्थांशाहूनही कमी. म्हणजे दूरचा पक्षी टेलिफोटो भिंगाने जवळ ओढला तरी मधले सारे धुके त्याच्याबरोबर ओढले जाते. दृश्यमानतेच्या दहाव्या हिश्श्यात एखादी गडद आकृती घ्यावी आणि बाकीचे धुक्यावर सोडावे, हे सूत्र बहुतेक वेळा लागू पडते. यमुनेवर निगमबोध घाटाच्या परिसरात हिवाळी कुरवांची जी छायाचित्रे काढली जातात, त्यांतील उत्तम चित्रांत हेच दिसते: समोर नाव आणि नावाडी, त्यांच्या मागे नुसता उजेड.

रंगाचा प्रश्न मात्र केवळ तंत्राचा नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या तुलनेत बरेच मोठे असतात आणि सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. धुराचे कण याहून कितीतरी सूक्ष्म. ते निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि त्यांच्यातून आलेला सूर्यप्रकाश पिवळट, तांबूस होतो. दिल्लीच्या हिवाळ्यात हे दोन्ही एकत्र असतात. इतकेच नव्हे, तर प्रदूषणाचे सूक्ष्म कण थेंबांना बीजासारखे उपयोगी पडून धुके अधिक दाट करतात. या गुंतागुंतीचा अभ्यास करण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर, म्हणजे द्वारकेच्या अगदी शेजारी, धुक्याचा विशेष प्रयोग सुरू झाला.

कॅमेऱ्याला यातले काही ठाऊक नसते. त्याचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स पिवळट झाक ही चूक मानून बहुधा पुसून टाकते. पुढे संगणकावर धूसरता हटविणारी सोय वापरली की विषारी सकाळ भिगवणच्या जलाशयावरील पहाटेसारखी निर्मळ भासू लागते. नजफगढ नाला यमुनेत सांडपाणी आणणारा दिल्लीतील सर्वांत मोठा नाला आहे, हे त्या चित्रावरून कोणालाही कळणार नाही. कालिंदी कुंज येथे यमुनेवर तरंगणारा पांढरा फेसही छायाचित्रात बर्फासारखा सुंदर दिसतो. वस्तुतः तो सांडपाण्यातील डिटर्जंटचा असतो. सुंदर चित्र काढण्यास कोणाची हरकत असू नये, परंतु ते दिल्लीच्या हवेचा दाखला म्हणून फिरू लागले की रंगाचा हा फेरफार किरकोळ राहत नाही.

म्हणून व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उन्हावर स्थिर ठेवावे आणि जमल्यास चित्र रॉ स्वरूपात साठवावे. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली छटा हातची जात नाही. घरी परतल्यावर थंड कॅमेरा उबदार खोलीत लगेच उघडू नये, भिंगावर दव धरते. तासभर तो पिशवीतच बंद असू द्यावा. विमानतळाच्या सान्निध्यामुळे ड्रोनचा मोह टाळावा, परवानगीविना तो उडविता येत नाही. नाक-तोंड झाकणारा चांगला मास्क ही या परिसरात कॅमेऱ्याइतकीच गरजेची वस्तू आहे.

कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल, तर प्रत्येक छायाचित्राबरोबर त्याची नेमकी वेळ नोंदली जाते. द्वारकेच्या सेक्टर ८ मध्ये आणि नजफगढ येथे हवा मोजणारी सरकारी केंद्रे आहेत व त्यांचे तासागणिक आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. छायाचित्राखाली त्या तासाचा आकडा लिहिण्यास एका ओळीची जागा पुरते.