लीव्ह-इन कंडिशनर ओल्या केसांना लावायचं की कोरड्या?

शहाड : सकाळची लोकल गाठायची म्हणून केस धुवायचे, ओलेच विंचरायचे अन् घट्ट बांधायचे, ही अनेकींची घाई. पण ओला केस फुगतो, नाजूक होतो. ओढला की तुटतो. अशा वेळी न धुता केसांतच ठेवायचं लीव्ह-इन कंडिशनर कामी येतं.

आधी टॉवेलने केस टिपा. पाणी गळायचं थांबलं, की वाटाण्याएवढं कंडिशनर हातावर घेऊन मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावा. मुळांना नको, केस चिपचिपीत होतात. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून गुंता सोडवत वर जा.

कोरड्या केसांना चालतं का? चालतं, पण थोडंच अन् फक्त टोकांना. कोरड्या केसांवर ते सारखं पसरत नाही. धुवून टाकायचं साधं कंडिशनर मात्र केसांत तसंच ठेवू नका. बाटलीवरची सूचना आधी वाचा.