वारुळावरच्या सात्या आणि कुरणातली छत्री

श्रोतेहो, श्रावणात दोन-तीन दिवस झड लागून उघडीप पडली, की आपल्या कामरगावकडे धुऱ्यावर, पडीत रानात नि जंगलाच्या कडेला पांढऱ्या छत्र्या वर येतात. त्यांतल्या दोन आज शेजारी-शेजारी ठेवून पाहू. एकीची चवदार भाजी होते; दुसरी दवाखान्याची वाट दाखवते.

पहिल्या आपल्या सात्या. शास्त्रात त्यांना टर्मिटोमायसीस म्हणतात. ही खरे म्हणजे वाळवीची शेती! वाळवी काडीकचरा खाते आणि वारुळात आपल्या विष्ठेचे जाळीदार थर रचते. त्यांवर ही बुरशी वाढते आणि लाकडातला कठीण भाग वाळवीला पचेल असा करून देते. पावसाळ्यात तीच जमीन फोडून वर येते. म्हणून मोठ्या जातीच्या सात्या हळूच खणल्या, तर देठाखाली मुळासारखा लांब शेपटा वारुळाकडे गेलेला दिसतो. टोपाच्या मधोमध बहुधा टोकदार उंचवटा असतो.

दुसरीचे नाव क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस. ही कुरणात, हिरवळीवर उगवते. वारुळाशी तिचे नाते नाही, तसला शेपटाही नाही. टोपावर तपकिरी खवले आणि देठावर कडे असते. फसगत होते ती अशी, की कोवळेपणी तिच्या टोपाखालच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात; हिरवट झाक मागाहून येते. खाल्ल्यावर साधारण १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. शिजवली म्हणजे बाधत नाही, असा भरवसा धरू नये.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करावा. टोप कापून पट्ट्या खाली येतील असा पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका. दुसऱ्या दिवशी बीजाणूंचा ठसा दिसेल : सात्यांचा फिकट गुलाबी, दुसरीचा हिरवट. हात मात्र धुवायला लावा. आणि हेही सांगा, की काही विषारी छत्र्यांचा ठसाही गुलाबीच असतो. नुसत्या ठशावर भाजी शिजवू नये.

चांदी काळी पडते, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्ले ते माणसाला चालते, या साऱ्या समजुती खोट्या. अमानिटाच्या काही जातींचे विष तर ६ तासांनंतर किंवा त्याहूनही उशिरा जाणवते आणि यकृत निकामी करते. त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठा. उरलेली छत्री सोबत न्या.

जाणत्या माणसाला ओळख पटली तरच तोडावी. शंका आली, तर ती रानातच शोभते.